शोध चालू हाय

वहिनी, मी घर सोडलं त्या सकाळी माझी ट्रंक तुझ्या डोक्यावर होती. हिरव्या रंगाची, पत्र्याची, कडी मोडलेली म्हणून काथ्याने आवळून बांधलेली. वाडीवरून मार्गासनीला उतरणारी वाट म्हणजे तेव्हा नुसते धोंडे. तू पुढे अनवाणी, एक हात ट्रंकेला लावून, आणि मी मागे रिकाम्या हाताने, पायात नवी चप्पल, ती चावते म्हणून कुरकुर करत. ट्रंक मी घेते असं एकदाही म्हणाले नाही. शिकायला निघालेल्या मुलीने ओझं उचलायचं नसतं असा माझा बहुतेक समज असावा.

आई आणि आबा वाडीच्या टोकापर्यंत आले. आबा बोलले नाहीत, ते कधीच बोलत नसत. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाय. पर हाक दिली की ओ द्येत जा." आमच्याकडे लेकरू कुठेही गेलं की हेच सांगतात. रानात जाणाऱ्यालाही आणि परमुलखात जाणाऱ्यालाही.

तेव्हा आमच्या बाजूला एस्टी नव्हती. नसरापूरला जाऊन मोटार धरायची, आणि नसरापूरपर्यंत कुणाची बैलगाडी मिळाली तर नशीब. मार्गासनीला एका गाडीवानाने मला चढवून घेतलं. तू ट्रंक वर सरकवलीस, पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "वन्सं, तुमचं दादा आलं की पयलं तुमास्नी कळवू." नवऱ्याची बहीण म्हणून तू मला वन्सं म्हणायचीस आणि तुमी म्हणायचीस. खरं तर आपण दोघी एका वयाच्या, एकोणिसाव्या वर्षातल्या. मी मान हलवली. गाडी हलली. तू वळून पुन्हा चढाला लागलीस.

त्या ट्रंकेत काय होतं ते तुला आता ठाऊक आहे. पण हे तुला दुसरं कोणीतरी वाचून दाखवणार, तेव्हा त्या वाचणाऱ्याला कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. दोन लुगडी होती, एक आरसा होता, आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते. आणि लुगड्याच्या घडीत एक कागद होता. तुझा नवरा, माझा दादा, धोंडिबा, मेला असं सांगणारा.

दादा पलटणीत गेला तो शेरडं-मेंढरं राखायचा कंटाळा आला म्हणून. लोक देशासाठी गेला म्हणतात, म्हणोत बापडे. तो मला म्हणाला होता, "सगुणे, त्याच त्या टेकाडावर त्याच त्या शेळ्या. एक दिस मीच बॅं करंन." पण जाण्याआधी त्याने दोन गोष्टी केल्या. आबांशी भांडून मला भोरला आत्याकडे शाळेसाठी ठेवलं, आणि पलटणीत घरचा पत्ता म्हणून त्या आत्याच्या घराचा पत्ता दिला. वाडीवर पोस्टमन चढत नसे आणि चढला असता तरी वाचणार कोण? घरात वाचता येणारी मी एकटी. म्हणून दादाबद्दलचं जे काही यायचं ते पहिल्यांदा माझ्या हातात यायचं. हा मान त्याने मला दिला. असा मान कुणाच्या वाट्याला येऊ नये.

अठ्ठेचाळीस साली तो काश्मीरकडे गेला. त्या हिवाळ्यात पहिलं पत्र आलं, इंग्रजीत. शाळेतल्या मास्तरांनी चष्मा वर-खाली करत वाचलं आणि म्हणाले, "मिसिंग म्हणजे सापडत नाही." मी तेच शब्द घेऊन वाडीवर आले. आबा मटकन खाली बसले. तू दाराआड गेलीस. पण आई सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सापडत न्हाई, एवढंच ना? मग?"

आम्ही शेळ्यांची माणसं. संध्याकाळी कळप मोजताना एक कमी भरलं तर आमच्याकडे ते मेलं असं कुणी म्हणत नाही. ते सापडत नाही असं म्हणतात. कातडं, हाड, निदान गळ्यात वाजणारी घाटी हाती लागेपर्यंत ते जित्तं असतं, आणि तोवर रोज तिन्हीसांजेला कड्यावर जाऊन त्याला हाक मारायची असते. मास्तरांनी इंग्रजीचं मराठी केलं आणि आईने त्या मराठीचं आमच्या रानातलं मराठी केलं. दुसऱ्या दिवसापासून ती तिन्हीसांजेला कड्यावर जायला लागली. समोर राजगड, खाली पालीच्या बाजूची शेतं, आणि ती हातांची ओंजळ करून ओरडायची, "धोंडीऽऽ!" काश्मीर कुठल्या दिशेला आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

दुसरं पत्र जूनमध्ये आलं. त्यात इंग्रजी मजकुराखाली पलटणीतल्या कुणा मराठी कारकुनाने सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या. सदर शिपाई यांस मृत समजण्यात येत आहे. बरोबर तुझ्या अंगठ्यासाठी कागद होते. मास्तरांची गरज पडली नाही. मी ते दोनदा वाचलं, परकरात खोचलं आणि वाडीची वाट धरली. वाटेत रडून घेतलं. वाडीवर पोचले तेव्हा तू दाराशी बसून छोट्या आरशात बघून कुंकू लावत होतीस. मेण लावून झालं होतं, बोट करंड्यात होतं. आई गोठ्यातून आली. "काय म्हणत्यात पलटणवालं?"

तुझं बोट करंड्यातच थांबलं होतं. मी म्हणाले, "शोध चालू हाय."

तीन शब्द. तू बोट उचलून कपाळाला टेकवलंस आणि कुंकू गोल केलंस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझ्या त्या कपाळाकडे बघून माझी जीभ वळली नाही. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की परवा मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात हजर व्हायचं होतं. दादा मेला असं कळलं असतं तर सुतक, दिवस, बाराव्याला सगळे सोयरे, आणि मग आबा म्हणाले असते, घरातला पोरगा गेला, आता पोरीनं घरी ऱ्हावं, दोन हात कमी पडत्यात. मला जायचं होतं. दादासारखाच मलाही त्या टेकाडाचा कंटाळा आला होता. पुढच्या सुट्टीत सांगू, असं मनाशी म्हणाले. चार महिन्यांनी काय बिघडतंय?

सुट्टीत आले आणि सांगता आलं नाही. आता 'कागद कधी आला' हेही सांगावं लागणार होतं ना. खोटं शेळीच्या लेंड्यांसारखं असतं, एकावर थांबत नाही. पुढच्या सुट्टीत ते आणखी अवघड झालं, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत मी प्रयत्नच सोडला. पलटणीचं आणखी एक पत्र आलं, तेही ट्रंकेत गेलं. आमच्या बाजूचा त्या पलटणीत दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे वाडीवर खरं सांगणारं कुणीच नव्हतं. मी होते, आणि मी पुण्यात होते.

पुणं मला मानवलं हे कबूल करते. ट्रेनिंग झालं, नगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागली, एका चाळीत खोली मिळाली. मी स्टोला पिन मारायला शिकले, मस्टरवर सही करायला शिकले, पहिला पीरियड, दुसरा पीरियड असं बोलायला शिकले. तोंडातलं 'न्हाई' जाऊन 'नाही' आलं. चाळीतल्या बायका विचारायच्या, घरी कोण कोण असतं? मी सांगायची, आई, वडील, भाऊ, वहिनी. भाऊ काय करतो? लष्करात आहे. हे म्हणताना माझा आवाज जराही हलत नसे. सवय ही फार वाईट गोष्ट.

शाळेत वर्षातून एकदा सकाळी अकरा वाजता घंटा व्हायची आणि देशासाठी गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची. पहिल्या वर्षी मला हा प्रकार कळेचना. दीडशे मुलं खाली माना घालून उभी, कुणाचं नाव नाही, गाव नाही. मान ठेवायचा म्हणजे गप्प बसायचं? आमच्याकडे गप्प बसलं तर माणूस रुसलाय असं समजतात. आमच्याकडे मेलेल्यासाठी ओरडतात.

वाचणाऱ्याला हेही सांगायला हवं, तो आमच्या खोऱ्यातला नसला तर. घरातला पुरुष लढाईत गेला तर आमच्याकडे त्याचा वीर होतो. चांदीच्या बोटभर पत्र्यावर घोड्यावर बसलेला माणूस ठोकून घेतात, त्याला टाक म्हणतात, आणि तो टाक देव्हाऱ्यात बसवतात. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, ज्या ज्या घरात वीर आहेत ती घरं आपापले टाक घेऊन ओढ्यावर जातात. हलगी वाजते, माणसं नाचतात, टाकांना आंघोळ घालतात. मग गुरव एकेका वीराचं नाव घेऊन हाक मारतो आणि त्याच्या घरचं माणूस त्याच्या वतीने मोठ्याने ओ देतं. "ओऽऽ!" पार खालच्या शेतापर्यंत ऐकू जातं. पणजोबांच्या काळात कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या लढाईत मेलेल्याचंही नाव दर वर्षी घेतलं जातं. तो कुणाच्या बाजूने लढला हे कुणी विचारत नाही. तो आपल्या वाडीचा होता आणि हाकेला ओ आली, एवढं पुरतं.

दादाला मात्र हाक नव्हती. टाक बसवल्याशिवाय हाक नाही, आणि मेला हे कळल्याशिवाय टाक नाही. तो ना कळपात ना कातड्यात, असा मधेच राहिला. आणि त्याला तिथे मी ठेवलं होतं. दोन मिनिटांच्या त्या शांततेत दर वर्षी मला हेच दिसायचं. मुलांना वाटायचं बाई किती मन लावून उभ्या राहतात.

चौपन्न साली आबा आजारी पडले म्हणून मी रजा घेऊन आले. तू शेरडं घेऊन रानात होतीस, आई पाण्याला गेली होती. आबांनी मला जवळ बसवलं. जन्मात ते माझ्याशी एकदम एवढं बोलले नव्हते. "पोरी, शोध खरंच चालू हाय का? न्हाई म्हंजी, एवडी वर्सं कोन हुडकत बसतंय? टाक करावा म्हन्तो. पोरगं भाईर हुबं हाय आसं वाटतंया मला." मी त्यांच्या पायांवर घोंगडं ओढलं आणि म्हणाले, "चालू आहे आबा." शुद्ध मराठीत. ते म्हणाले, "मग ठीक हाय." आठ दिवसांनी ते गेले. लेक दारात उभा आहे आणि त्याला कुणी आत घेत नाही, असं वाटत गेले.

त्यानंतर मी गावी यायचं कमी केलं, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पत्रं पाठवायची. पत्रात पाऊसपाणी, तब्येत, शेरडांची विचारपूस. शाळेत परीक्षा आहेत, पुढच्या सुट्टीत नक्की येते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मंडईत भाजी घेताना कुणीतरी मागून पाठीत गुद्दा घातला. पालीत दिलेली आपली चुलत बहीण सखू. नवरा दवाखान्यात दाखवायला आणला होता. खोलीवर नेऊन चहा दिला. चहा बशीत ओतता ओतता ती सहज बोलून गेली, "तुमची वैनी तरी काय येडी बाई म्हनावी! आमच्या पालीचा मारुती, त्याची बायकू बाळातपनात मेली, त्यानं हिला पाटाचं इचारलं व्हतं. दोन सालं थांबला बिचारा. चांगला कष्टाळू गडी." आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी विचारलं, "मग?" सखू म्हणाली, "मग काय? ही म्हन्ली, माज्या वन्संनी सवता वाचलंय, शोध चालू हाय. त्यानं औंदा दुसरीसंगं लावला पाट."

माझे तीन शब्द. मी फेकून दिले होते आणि तू ते दहा वर्षं कुंकवाबरोबर रोज कपाळाला लावत होतीस.

सखू गेल्यावर मी ट्रंक उघडली. कागद घड्यांवर फाटत आला होता. तेव्हाच निघायला हवं होतं. मी निघाले शिमग्याला, म्हणजे आणखी चार महिन्यांनी. चार महिन्यांनी काय बिघडतंय, हे वाक्य मी दुसऱ्यांदा वापरलं.

आता एस्टी थेट मार्गासनीपर्यंत येते. होळीला आठ दिवस होते. मी वाडीवर पोचले तेव्हा तू गोठ्यामागे शेळीची धार काढत होतीस. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. उभ्या उभ्या सांगितलं. वाटेत जमवून ठेवलेली सगळी वाक्यं विसरले आणि नुसतं म्हणाले, "वैनी, दादा मेलाय. तवाच मेलाय. कागद माझ्याकडं हाय." दहा वर्षांनी माझ्या तोंडात गावची बोली परत आली ती अशा वेळी.

तुझे हात थांबले नाहीत. धार चरवीत पडत राहिली. मग तू विचारलंस, "कागुद कवा आला?"

"पुण्याला गेले त्याच्या दोन दिस आदी."

"म्हंजी ट्रंकंत व्हता."

"व्हय."

"ती ट्रंक म्या न्हेली."

 तू शेळीला सोडलंस, चरवी उचललीस आणि मग माझ्याकडे बघितलंस. "तू साळंत गेलीस. म्या हितं शेळ्यांमागं. म्या पाट लावला आस्ता, कळलं का तुला? मला पोरं झाली आस्ती." आयुष्यात पहिल्यांदा तू मला तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, पण तू दूध घेऊन आत गेलीस, कारण ते नासलं असतं.

मी गोठ्यामागेच बसून राहिले. क्षमा मागायची तर कशाची मागायची? वर्षं मागून परत येत नाहीत. बारावं, श्राद्ध, पाट, प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे रीत आहे. यालाच रीत नाही.

आईला मी सांगायचं ठरवलं होतं, पण तेही तूच केलंस. तिला आता नीट दिसत नाही, माणसाला जवळ यावं लागतं. तू तिच्यासमोर जाऊन बसलीस, तिचा हात धरलास आणि आपल्या कपाळावर ठेवलास. तिने चाचपडलं. मेणही नाही, कुंकूही नाही. तिने फक्त विचारलं, "कुनी पायलं?" आमचा जुना प्रश्न. कातडं कुनी पायलं, घाटी कुनी पायली? मी कागद पुढे केला, आंधळ्या आणि निरक्षर बाईपुढे कागद. तिने तो हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "ह्याला ट्रंकंचा वास येतोय." मग परत दिला.  संध्याकाळी काठी टेकत कड्यावर गेली आणि रोजच्यासारखी हाक मारून आली.

दुसऱ्या दिवशी तू पायातली जोडवी काढलीस आणि माझ्या हातात ठेवलीस. "भोरला जावा आन ह्येच्याच चांदीचा करून आना." पुन्हा तुमी. मी भोरला गेले. ज्या पेठेतून शाळेत जायची त्याच पेठेतल्या सोनाराने जोडवी माझ्यासमोर आटवली. त्याने विचारलं, वीर घोड्यावर हवा ना? दादा घोड्यावर कधी बसला नव्हता. मी म्हणाले, "हो, सगळ्यांसारखाच."

धुळवडीला एकच अडचण उरली. वीराच्या वतीने ओ द्यायला घरातला पुरुष लागतो, आणि आपल्या घरात पुरुष उरला नव्हता. गुरव आणि वाडीतली जाणती माणसं बसली. चुलत्यांपैकी कुणी द्यावी असं निघालं. तेव्हा त्यांतलेच एक म्हातारे म्हणाले, "पोरगी देऊ द्या की. मास्तरीन हाय, तिचा आवाज हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लाजेने मरून गेले, आणि खरं सांगते, मला बरंही वाटलं. वाटलं, एवढं एक तरी माझ्या हातून होईल.

ओढ्यावर हलगी वाजत होती. टाकांची आंघोळ झाली. आई एका धोंड्यावर बसली होती, तू तिच्या मागे, मोकळ्या कपाळाने. दादाचा टाक माझ्या ओंजळीत होता. एकेक नाव निघत होतं, ओ येत होती. मग गुरवाने हात वर केला, हलगी थांबली आणि त्याने हाक दिली, "धोंडिबाऽऽ!"

माझी मान खाली गेली.

आपोआप गेली, वहिनी. इतकी वर्षं घंटा झाली की मान खाली, ओठ बंद, हात बाजूला. शूर शिपायाचं नाव निघालं आणि माझ्या अंगाने जे शिकलं होतं तेच केलं. मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होते. आवाज येत नव्हता. गुरवाने पुन्हा हाक दिली. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. ती शांतता दोन मिनिटांची नसेल, पण माझ्या सगळ्या आयुष्यात मी तेवढी मोठी शांतता ऐकलेली नाही. "हाक दिली की ओ द्येत जा." एवढंच मागितलं होतं तिने.

तिसऱ्यांदा गुरव हाक मारणार तोच धोंड्यावरून आईचा आवाज आला. कड्यावरून मारायची तशीच, हातांची ओंजळ करून. पण तिने ओ दिली नाही. ती ओरडली, "सापडलाऽऽ!"

गुरव गोंधळला. अशी ओ रीतीत नाही. त्याने म्हाताऱ्यांकडे बघितलं, म्हातारे खाली बघायला लागले, आणि मग हलगीवाल्याने आपणहून टिपरू मारलं. आईने माझ्याकडे हात पसरले. मी टाक तिच्या हातात दिला. तिने तो चाचपला, घोड्याचे पाय, माणसाचं डोकं, आणि पदरात बांधून पोटाशी धरला, हरवलेलं करडू सापडल्यावर धरते तसा. ओल्या पायांनी ती घराकडे चालायला लागली. त्या संध्याकाळी ती कड्यावर गेली नाही. तिला काय कळलं, काय कळलं नाही, हे मी तिला विचारू शकले नाही. विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.

तिसऱ्या दिवशी माझी रजा संपली. ट्रंक मी स्वतः उचलली.  पहिल्या उतारावरच ती डोक्यावर डुगडुगायला लागली. हात लावला तर पाय घसरायचा, पाय सांभाळला तर ट्रंक कलायची. वाकड्या मानेने पन्नास पावलं कशीबशी गेले असेन. तू मागून बघत होतीस. मग पुढे आलीस, माझ्या डोक्यावरची ट्रंक उचललीस आणि आपल्या डोक्यावर ठेवलीस. मी नको नको म्हणत होते. तू चालतच राहिलीस. तेवढंसुद्धा मला जमलं नाही.

मार्गासनीला एस्टी उभी होती. तू ट्रंक आत सरकवलीस. पदराने तोंड पुसलंस, तिथे कुंकू नव्हतं तरी कपाळ सांभाळूनच पुसलंस. मी म्हणाले, "वैनी, पत्र धाडते." तू म्हणालीस, "धाडा. वाचाया कुनीबी वाचंल." कंडक्टरने घंटी दिली तेव्हा तू खिडकीशी येऊन म्हणालीस, "पर वन्सं, लिवताना खरं लिवा."

म्हणून हे लिहिलं. पुण्याच्या खोलीत बसून, स्टोवर चहा ठेवून, विसरून, पुन्हा ठेवून. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी वेल्ह्याकडचं सांगते. पण घर म्हणजे जिथे आपल्याला हाक मारतात आणि आपण ओ द्यायची असते, एवढंच जर असेल, तर मी माझी पाळी चुकवली आहे. पुढच्या धुळवडीला दादाला पुन्हा हाक पडेल. ओ कोण देईल हे तुम्ही ठरवा. मला बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तरी मला कळेल.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझी बाजू झाकलेली नाही. पण हे पत्र तुझ्या दारात येईल तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल. तो तुझ्या तोंडाकडे बघेल. त्याला दया येईल किंवा घाई असेल. यातलं काय तो वाचील आणि काय गाळून तुला सांगेल, हे मला इथून कळायचा काही मार्ग नाही.